पुतळी, गिन्नी आणि अडीच डॉलर



इतिहासाच्या व्याख्यानात बहुधा लढाया येतात, तह येतात, राजे येतात. आज मी एक फार लहान वस्तू तुमच्यासमोर ठेवणार आहे. वजन चार ग्रॅमच्या आसपास, रुंदी अंगठ्याच्या नखाएवढी. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे इतिहासाच्या वाटेनं जाताना मध्येच एखादा तात्त्विक फाटा फुटला, तर सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मूळचा कळमनुरी तालुक्यातला, आता वीसेक वर्षं अमेरिकेत असतो. चहा झाल्यावर त्यानं खिशातून प्लास्टिकची एक घट्ट बंद डबी काढली. आत सोन्याचं नाणं होतं. "सर, १९११ चं आहे. अडीच डॉलरचं. मी जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवतो." नाण्यावर पिसांचा शिरपेच घातलेला एक माणूस होता. आमच्या घरच्यांनी डबी हातात घेतली, चष्मा लावला आणि विचारलं, "हा कोणता देव रे?" तो हसला. "देव नाही, काकू. तिथला मूळचा आदिवासी माणूस आहे."

सगळे हसले. मी मात्र जरा गप्प झालो. कारण हाच प्रश्न आमच्या घरात पन्नास-साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका नाण्याबद्दल विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर त्या वेळी कुणालाच देता आलं नव्हतं.

आमच्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. रेशमी गोफात ओवलेल्या तेवीस पुतळ्या. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी त्या मोजत असे. प्रत्येक पुतळीवर दोन माणसं, मध्ये एक काठी. उलट्या बाजूला चांदण्यांनी वेढलेला एक उभा माणूस. "आजी, हे कोण?" असं विचारलं की ती कधी राम-सीता म्हणायची, कधी विठोबा-रुक्मिणी. ७२ च्या दुष्काळात ती माळ मोडली. रोजगार हमीच्या कामावर लोक खडी फोडत होते, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत होती. विहिरीचं काम अर्धवट राहिलेलं, बैल विकून झालेले. वडिलांबरोबर सराफाकडे मी गेलो होतो. त्यानं आधी कड्या कापून बाजूला काढल्या, कारण झाळलेल्या जागेचं सोनं हिणकस. मग पुतळ्या तराजूत टाकल्या, कस पाहिला आणि पैसे मोजले. त्यात त्याचं काही चुकलं नाही. भाव रास्त होता. चुकलं ते माझं. मी तेव्हा तत्त्वज्ञानात एम. ए. करत होतो, आणि त्या तेवीसपैकी एकाही पुतळीवर काय लिहिलं आहे हे मी पाहिलं नाही.

ती काय होती, हे मला फार उशिरा कळलं. आता ते सांगतो.

पुतळी हे मुळात इटलीतल्या व्हेनिस या शहराचं नाणं. तिकडे त्याला डुकाट म्हणत. १२८४ साली ते पहिल्यांदा पाडलं गेलं. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं, आणि ज्ञानेश्वर-नामदेव लहान होते. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीला नामदेवांचं जन्मस्थान मानतात, म्हणून हा काळ तुमच्या चटकन लक्षात येईल. वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला व्हेनिसचा प्रमुख, त्याला ते 'डोज' म्हणत, संत मार्कसमोर गुडघे टेकून निशाण स्वीकारतो आहे. आजीची 'काठी' म्हणजे ते निशाण. दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभा येशू ख्रिस्त आणि भोवती तारे. १७९७ साली नेपोलियननं व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं. तोवर, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं, या नाण्याचं चित्र, वजन आणि कस यांत जवळपास काही फरक पडला नाही. डोज बदलत, तसं फक्त नाव बदलत असे.

हे न बदलणं हीच त्याची ताकद होती. मिरी, कापड, नीळ घेण्यासाठी हे सोनं इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या वाटेनं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरे आणि तिथून घाट चढून देशावर येई. इथल्या माणसाला त्यावरची लॅटिन अक्षरं वाचता येत नव्हती. पण ज्या नाण्यावर ही दोन माणसं आहेत ते खोटं निघत नाही, एवढं त्याला अनुभवानं कळलं होतं. माणसांच्या आकृत्या, म्हणून नाव पडलं पुतळी. पुढे इतकी मागणी वाढली की आपल्याच सोनारांनी पुतळ्या घडवायला सुरुवात केली. सोनं चोख, पण लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबं. आजच्या पुतळीमाळेत तर बहुधा लक्ष्मीचा छाप असतो. व्हेनिसचा संत हळूहळू आपल्या देव्हाऱ्यात येऊन बसला.

म्हणजे आजीच्या माळेत खऱ्या व्हेनिसच्या पुतळ्या किती आणि इथल्या सोनारानं घडवलेल्या किती, हे एक भिंग आणि दोन तास मिळाले असते तर कळलं असतं. डोजचं नाव वाचता आलं असतं तर कोणती पुतळी कोणत्या शतकातली, हेही कळलं असतं. आमच्या गावाचा जगाशी असलेला तीनचारशे वर्षांचा व्यवहार त्या गोफात ओवलेला होता. तो मुशीत गेला.

आता पुतळीकडून गिन्नीकडे येऊ. आपल्या जुन्या घरांतून पुतळीनंतर सापडतं ते सोन्याचं नाणं म्हणजे गिन्नी. खरं तर तिचं नाव सॉव्हरिन, इंग्लंडचं एक पौंडाचं नाणं. पण त्याच्याआधीच्या गिनीचं नाव आपल्याकडे त्याला चिकटलं ते कायमचं. वजन ७.९८८ ग्रॅम, बावीस कॅरट. एका बाजूला राणी किंवा राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगर मारणारा संत जॉर्ज. याही संताला आपल्याकडे खंडोबा म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. घोडा आणि शस्त्र असल्यावर दुसरा कोण असणार?

हिंगोलीच्या बाजारात नाण्यांचा गोंधळ आधीपासून होता. आपण निजामाच्या राज्यात. निजामाचा स्वतःचा रुपया होता, त्याला हाली म्हणत. इंग्रजी रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब. त्यात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी. या फौजेच्या खर्चापायीच निजामावर कर्ज चढलं आणि १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. कयाधूच्या अलीकडे हाली, पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलं की कलदार. अशा मुलखात शेतकरी, व्यापारी, सावकार सगळेच एक गोष्ट शिकतात : रुपयाचा भाव सीमेवर बदलतो, सोन्याचा वजनावर ठरतो. म्हणून थोडं साठलं की माणूस गिन्नी घेई, तिला कडी झाळून घेई आणि बायकोच्या किंवा लेकीच्या गळ्यात घाली.

या गिन्नीचा एक प्रकार मुंबईत पाडला गेला, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पहिल्या महायुद्धात चांदी मिळेना, रुपये पाडायला धातू कमी पडू लागला. तेव्हा १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सोन्याची नाणी पाडली. एक, पंधरा रुपयांची मोहर, सुमारे एकवीस लाख. दुसरी, थेट सॉव्हरिन, तेरा लाखांच्या आसपास. दोन्हींचं वजन आणि कस अगदी सारखा, कारण तेव्हा पौंडाचा भाव पंधरा रुपये होता. मुंबईची गिन्नी ओळखायची कशी? संत जॉर्जच्या घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या अंगाला, एक बारीक इंग्रजी 'आय' हे अक्षर आहे. इंडियाचा आय. घरी गिन्नी असेल तर आज रात्री भिंग घेऊन पाहा.

त्याच वर्षी अमेरिका आपल्या बाजारात शिरली, तीही नाण्यांच्याच रूपानं. इथं चांदीची टंचाई इतकी की सरकारला नोटांच्या बदल्यात रुपये देणं अवघड झालं. तेव्हा एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा केला, आपल्या खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रज सरकारला विकली. सुमारे २६ कोटी डॉलर नाण्यांची चांदी अशी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी निघाली. तुमच्या घरात पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा कलदार असेल, तर त्यातली चांदी कदाचित आधी अमेरिकन डॉलर होती. एका देशाचं नाणं मरतं आणि दुसऱ्याचं जन्मतं. पुनर्जन्म मानायचा की नाही हा वादाचा विषय, पण धातूच्या बाबतीत तो निश्चित आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९३१ आणि १९३३ ही दोन सालं लक्षात ठेवा. पहिलं आपलं, दुसरं अमेरिकेचं.

१९२७ च्या कायद्यानं सरकारनं सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा बांधला होता, आणि गिन्नी १३ रुपये ५ आणे ४ पैला. मग जागतिक मंदी आली. कापसाचा भाव कोसळला. सारा, व्याज आणि कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहिले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं सोन्याशी असलेलं पौंडाचं नातं तोडलं, आपला रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे सोन्याचा रुपयातला भाव चढून तिशीकडे सरकला. एकीकडे घरात पैसा नाही, दुसरीकडे सोन्याला चढा भाव. खेड्यापाड्यांतून सोनं बाहेर पडलं. पुतळ्या, मोहरा, गिन्न्या, बांगड्या, सगळं सराफांकडून मुंबईला आणि मुंबईहून बोटीनं लंडनला. शतकानुशतकं सोनं गिळणारा देश पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात सोनं ओकू लागला. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. अर्थशास्त्रज्ञ त्याला 'संकटातलं सोनं' म्हणतात. सरकार म्हणत होतं, लोक चांगला भाव पाहून विकत आहेत. राष्ट्रीय चळवळीतले पुढारी म्हणत होते, लोक उपाशी आहेत म्हणून विकत आहेत. ज्यानं दुष्काळात माळ मोडताना पाहिली आहे त्याला कुणाचं खरं, हे सांगावं लागत नाही.

दोन वर्षांनी अमेरिकेत काय झालं पाहा. ५ एप्रिल १९३३. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढला : १ मेपर्यंत सर्वांनी आपली सोन्याची नाणी, लगडी आणि सोन्याच्या हुंड्या बँकेत जमा कराव्यात. माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी ठेवता येतील. न दिल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड, दहा वर्षांपर्यंत तुरुंग. त्या वेळी त्यांचं सर्वात मोठं चलनी नाणं वीस डॉलरचं. त्याला 'डबल ईगल' म्हणत, वजन ३३.४ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळ्यांहून थोडं जास्त. कॅलिफोर्नियात १८४८ ला सोनं सापडलं, त्यातून हे नाणं निघालं. लोकांनी वीस डॉलरचं नाणं दिलं, वीस डॉलरची नोट घेतली. जानेवारी १९३४ मध्ये सरकारनं सोन्याचा भाव औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलर केला. म्हणजे ज्यानं वीसची नोट घेतली, त्याच्या नाण्यातलं सोनं आता सुमारे ३४ डॉलरचं झालं होतं. फरक सरकारजमा. जमा झालेली नाणी वितळवून लगडी केल्या, त्यातलं पुष्कळ सोनं पुढे फोर्ट नॉक्सच्या तळघरात गेलं.

इथं एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याचा छंद तिच्यावर उभा आहे. त्या हुकुमात एक सूट होती : दुर्मिळ आणि वेगळ्या नाण्यांच्या संग्राहकांना ज्यांची विशेष किंमत वाटते, ती नाणी ठेवता येतील. सरकारनंच मान्य केलं की काही नाणी म्हणजे केवळ सोनं नव्हे. त्या सुटीमुळे, आणि आधीच युरोपातल्या बँकांत जाऊन पडलेल्या नाण्यांमुळे, जुनी अमेरिकन सोन्याची नाणी आज शिल्लक आहेत. सामान्य अमेरिकन माणसाला सोनं मोकळेपणानं बाळगायची परवानगी पुन्हा मिळाली ती ३१ डिसेंबर १९७४ ला. मधली एक्केचाळीस वर्षं ती नाणी संग्राहकांच्या पेटीत जगली.

आता त्यातलं सर्वात विचित्र नाणं. १९३३ साली वीस डॉलरची ४,४५,५०० नाणी पाडली गेली, पण हुकूम आल्यामुळे ती चलनात दिलीच नाहीत. दोन संग्रहालयासाठी ठेवली, बाकीची वितळवली. तरी काही टांकसाळीतून निसटली. त्यातलं एक इजिप्तचा राजा फारुक याच्याकडे पोचलं, कारण १९४४ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी नजरचुकीनं त्याला निर्यात परवाना दिला. राजा पदच्युत झाला, नाणं गायब झालं आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कला पोलिसांच्या सापळ्यात सापडलं. खटला चालला, तडजोड झाली आणि २००२ मध्ये त्याचा लिलाव झाला. किंमत आली ७५ लाख ९० हजार डॉलर. आणि वर आणखी वीस डॉलर!

हे वीस डॉलर कशाचे? सरकारचं म्हणणं, हे नाणं कधी चलनात दिलंच गेलं नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीनं ते नाणंच नाही, सोन्याची एक गोल चकती आहे. ते नाणं व्हायचं असेल तर त्याची दर्शनी किंमत खजिन्यात भरा. वीस डॉलर भरले, कागद झाला आणि ती चकती नाणं झाली. धातू तोच, छाप तोच, वजन तेवढंच. बदलला फक्त राज्याचा शब्द. २०२१ मध्ये तेच नाणं पुन्हा विकलं गेलं, १ कोटी ८९ लाख डॉलरला. त्याच प्रकारची दहा नाणी फिलाडेल्फियातल्या एका सराफाच्या वारसांना तिजोरीत सापडली, त्यांनी ती तपासायला टांकसाळीकडे दिली, आणि टांकसाळीनं ती ठेवूनच घेतली. न्यायालयांनी शेवटी सरकारचं म्हणणं मान्य केलं. एक नाणं कोटींचं, त्याची दहा भावंडं चोरीचा माल.

आपल्याकडे असा हुकूम आला तो १९६३ च्या जानेवारीत. चीन युद्धानंतर मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायचे नाहीत. सोनारांची चूल विझली, अनेक जण देशोधडीला लागले. चौदा कॅरटची अट तीन-साडेतीन वर्षांत गेली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. त्यात लगडी, बिस्किटं बाळगायला सामान्य माणसाला बंदी होती. दागिने मात्र ठेवता येत, एका मर्यादेपलीकडे ते जाहीर करावे लागत. कायदा बायकांच्या गळ्यापर्यंत आला आणि तिथं थांबला.

या दोन सुटी शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेत सोन्याचं नाणं वाचलं, कारण कुणीतरी ते संग्राहक म्हणून जपत होतं. आपल्याकडे वाचलं, कारण कुणीतरी त्याला कडी लावून गळ्यात घातलं होतं. दोन्हीकडे नाण्याला त्याच्या दर्शनी किमतीपलीकडची एक किंमत लाभली, आणि तिनं ते तारलं. गंमत अशी की अमेरिकन संग्राहक कडी झाळलेलं नाणं पाहून नाक मुरडतो. झाळाची खूण दिसली की त्याच्या लेखी ते बिघडलेलं नाणं, भाव जवळपास सोन्याचाच. आणि आपल्या आजीच्या लेखी कडी नसलेलं नाणं म्हणजे कपाटात पडलेला पैसा, त्याचं काय कौतुक?

आता तो तत्त्वज्ञानाचा फाटा. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, शिकवताना माती, सोनं आणि लोखंड यांचे दृष्टान्त देतो. सोन्याचा गोळा कळला की सोन्याच्या सगळ्या वस्तू कळतात. वस्तू हा विकार, नुसतं नाव. सत्य काय ते सोनं. पुढे सगळ्या वेदान्तानं कडं आणि सोनं, दागिना आणि सोनं, हा दृष्टान्त वापरला. मी तो चाळीस वर्षं वर्गात शिकवला. आणि गंमत बघा, तराजू हातात घेतलेला सराफ हा पक्का वेदान्ती असतो! त्याला नामरूप दिसतच नाही. पुतळी, गिन्नी, मंगळसूत्राची वाटी, सगळं एकच, कस आणि वजन.

इतिहासाचं काम नेमकं उलट्या दिशेनं चालतं. त्याला सोन्यात रस नाही, कारण सोनं सगळीकडे सारखंच. त्याला नामरूप हवं, कारण काळ नामरूपात साठतो. माझ्या विद्यार्थ्याच्याच नाण्याचं उदाहरण घ्या. १९११ साली अडीच डॉलरची ही नाणी फिलाडेल्फियाला सात लाखांहून अधिक पाडली. डेन्व्हरच्या टांकसाळीत त्याच साली फक्त ५५,६८०. दोन्हींत सोनं तेवढंच, ४.१८ ग्रॅमचं नव्वद टक्के. फरक एका बारीक 'डी' अक्षराचा. पण त्या अक्षरानं किंमत कित्येक पट होते. इतकी की भामटे साध्या नाण्यावर 'डी' चिकटवतात. खऱ्या सोन्याचं खोटं नाणं! आपल्या सोनारानं घडवलेली पुतळीही एका अर्थी तशीच. पण तिथं कुणी कुणाला फसवत नव्हतं, घेणाऱ्याला सोनं हवं होतं आणि ते त्याला मिळत होतं. खोटेपणा वस्तूत नसतो, तो वस्तूविषयी केलेल्या दाव्यात असतो.

आपला कायदाही या वादात मध्येच उभा आहे. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही पुरलेलं सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. सरकारला ते हवं असेल तर मोबदला काय? धातूची किंमत, अधिक तिचा एक पंचमांश. म्हणजे १८७८ च्या सरकारनं नामरूपाचा, साऱ्या इतिहासाचा भाव वीस टक्के ठरवला. याउलट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात एका जोडप्याला आपल्याच जमिनीत डब्यांत भरलेली १,४२७ सोन्याची नाणी सापडली. दर्शनी किंमत अठ्ठावीस हजार डॉलरच्या आत, बाजारातला अंदाज एक कोटी डॉलरचा. ती त्यांना विकता आली, आणि प्रत्येक नाण्याची नोंद झाली. आपल्याकडे नांगराला हंडा लागला तर पहिल्या रात्री काय होतं, हे मी सांगायला नको. भीतीनं आणि लोभानं तो आधी मुशीत जातो.

मी संग्राहकांची आरती ओवाळत नाही. त्या छंदातही पुष्कळ पोकळपणा आहे. नाणं एक ते सत्तरच्या मापावर गुण देऊन प्लास्टिकमध्ये बंद करायचं, मग त्याला कुणी हात लावायचा नाही, त्यावरचं चित्र पाहण्याऐवजी डबीवरचा आकडा वाचायचा. विद्यार्थ्याला मी विचारलं, "हे कुणाचं होतं रे?" त्याला ठाऊक नव्हतं. ११४ वर्षांत ते कुणाच्या खिशात होतं, कुणी कुणाला दिलं, काही नाही. त्याच्याकडे साल आहे, माणूस नाही. आमच्या माळेत माणसं होती. पणजीला तिच्या माहेरून आलेल्या पाच, आजोबांनी कापसाच्या एका चांगल्या सालात घेतलेल्या चार, हे आजी तोंडपाठ सांगायची. पण साल नव्हतं. नाण्याचा पुरा इतिहास व्हायला दोन्ही लागतं.

म्हणून माझं मागणं लहान आहे. माळ मोडू नका, असं मी म्हणणार नाही. लेकराची फी, आजारपण, पाऊस न पडलेलं साल, यापुढे कुणाचाही इतिहास मोठा नाही. सोनं त्याच दिवसासाठी घेतलेलं असतं, आणि आजीनं ती माळ देताना डोळ्यांत पाणी आणलं नाही. पण मोडायच्या आदल्या दिवशी तेवढी एक संध्याकाळ काढा. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. वजन लिहा. काठावरची अक्षरं भिंगानं पाहून उतरवून घ्या, भाषा कळली नाही तरी. चिंच, राख, पावडर लावून घासू नका, अक्षरं त्यातच जातात. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईला विचारा, हे कुठून आलं, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. एखादं नाणं वेगळं वाटलं तर जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या विद्वानांनी उभी केलेली. आणि लक्षात ठेवा, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलांना भेट देण्याआधी हे माहीत असू द्या. एवढं केलंत तर नाणं गेलं तरी नामरूप राहील.

विद्यार्थी निघताना मी त्याला कपाटातली एक डबी दाखवली. तिच्यात आजीच्या माळेचा गोफ आहे. सराफानं पुतळ्या ठेवून घेतल्या, गोफ परत दिला, तो आईनं जपला. लाल रेशीम आता विटून तपकिरी झालं आहे. त्यानं तो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "सर, पुतळ्यांचा एखादा फोटो?" मी म्हटलं, नाही. आजीचा एक फोटो आहे, लग्नातल्या गर्दीतला. त्यात माळ दिसते, पण पुतळ्या म्हणजे नुसते पांढरे ठिपके.

तुमच्या घरात अजून ठिपक्यांपेक्षा जास्त काही दिसत असेल, तर आज घरी गेल्यावर ते बघा. इथंच थांबतो.